जात्यातलं पांढरं पीठ

१

हौसा गेली ते त्र्याहत्तर साल. माण तालुक्यात त्या दुष्काळी उन्हाळ्यात माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडून दिवस काढत होती, आणि आमच्या सांगलीकडे कृष्णेच्या काठाला ऊस हिरवागार उभा होता. मधे एसटीचा एका दिवसाचा प्रवास. आमच्या मळ्याशेजारची हौसा त्या प्रवासापलीकडे दिली होती.

तिचा भाऊ मानसिंग फौजेत होता. तार मिळून तो आला तोवर बहिणीची राख सावडून झाली होती. दिवस उरकून तो माणमधून परतला आणि घरी न जाता आधी आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"अण्णा, हौसाला इख घातलंय," तो म्हणाला. "कुनी घातलं तेवढं सांगा. फुडलं माझं मी बघतो."

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, बाळगोंडा पाटील. सगळी नोकरी फौजदारकीत काढून घरी बसलेले. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब घेत नसत, आणि गाळल्याशिवाय तर दिवसाही नाही. खात्यातले लोक त्यांना पाठीमागे 'गाळणं' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"डॉक्टर काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"पोटुशीला येत्यात तसलं झटकं, म्हनला. सातवा म्हयना हुता. आन् सासरची म्हंत्यात फेपरं हुतं, लग्नात लपवलं."

"होतं का?"

"अण्णा, तुमच्या डोळ्यांदेखत वाढली ती. कवा पडलेली बघितली?"

अण्णांनी नाही अशी मान हलवली. मग म्हणाले, "आणि नाव कळलं तर काय करशील?"

"रजा हाय तवर फेडीन."

हे त्याने आवाज न चढवता सांगितलं. म्हणूनच मला भीती वाटली.

"मग मी येतो," अण्णा म्हणाले. "नाव आधी मला कळेल, मग तुला. कबूल?" मानसिंगने मान हलवली. अण्णा माझ्याकडे वळले. "त्रिशला, तूही चल. विषाचं तुला कळतं."

२

मी तेव्हा मेडिकलच्या मुलांना औषधशास्त्राचं प्रात्यक्षिक शिकवत होते. आमच्यासारख्या जैन घरात ती नोकरी म्हणजे एक दुखणंच होतं. बेडकांवर प्रयोग असला त्या दिवशी अण्णा मला दारातूनच सांगत, "जीव मारून आलीस, आधी आंघोळ." त्यामुळे त्यांनी आपणहून मला बरोबर घेतलं याचंच मला नवल वाटलं.

एसटीत अण्णांच्या मांडीवर फडकं बांधलेला पाण्याचा तांब्या होता. "काय अण्णा, गंगा घेऊन चाललाय जनू," कंडक्टर म्हणाला. "माणला घेऊन चाललोय. तिथं गंगेपेक्षा किंमत येईल," अण्णा म्हणाले. पुढच्या बाकावरची माणसं हसली. मानसिंग खिडकीबाहेर बघत राहिला.

त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. पहिला झटका हौसाला तिसऱ्या महिन्यातच आला होता. म्हणजे डॉक्टरांचं निदान मला पटेना, कारण गरोदरपणातला तो आजार इतक्या लवकर येत नाही. मधे एका लग्नासाठी ती माहेरी येऊन चांगली महिनाभर राहिली होती. तेवढ्या मुदतीत एकही झटका नाही. नवरा आकाराम मुंबईहून यात्रेला येणार म्हणून ती सासरी परत गेली आणि पुन्हा सुरू झालं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात.

"फेपरं माणसाबरोबर गावोगाव फिरतं," मी अण्णांना म्हणाले. "हे त्या घरातच राहत होतं."

"विषाने असे झटके येतात?"

मला आठवतं तसं मी सांगितलं. मज्जातंतूंच्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. शरीरच एक द्रव्य तयार करतं, ते किल्लीसारखं दाराला लागतं. दार उघडलं की मिठात असतं तेच क्लोराईड आत शिरतं आणि पेशी शांत होते. हा शरीराचा ब्रेक. काही विषं ही दारं बंद पाडतात. मग पेशींना थांबवायला कुणी उरत नाही.

"उसाची ट्रॉली घाटात सुटल्यासारखं," अण्णा म्हणाले.

"तसंच. कुचला असाच मारतो."

कुचल्याचं नाव ऐकून मानसिंगने पहिल्यांदा खिडकीतून तोंड आत घेतलं. "केरबामामाकडं कुचला हाय," तो म्हणाला. "लांडग्यासाठी ठेवत्यात. मी सवता बघितलाय."

३

केरबा म्हणजे हौसाचा सासरा. उंच, वाळलेला म्हातारा. घरची मेंढरं धाकटा मुलगा कोंडीबा चाऱ्याच्या शोधात लांब घेऊन गेला होता. आकाराम दिवस होताच मुंबईला परतला होता. घरात तो आणि त्याची म्हातारी धोंडुबाई, दोघंच.

अण्णांनी कुचल्याचं विचारताच केरबाने आढ्यातून एक गाठोडं काढून समोर ठेवलं. आत बटणासारख्या चपट्या बिया होत्या.

"लपवायचं काय त्यात, फौजदारसाहेब? लांडगं पडत्यात मेंढरावर. समदी ठेवत्यात."

मानसिंगचा हात त्याच्या मानेपर्यंत पोचला होता. म्हातारा जागचा हलला नाही. "दाब," तो म्हणाला. "तुजी भन आमची सून हुती. तिच्या मागं जगून तरी काय करायचंय."

मी मधे पडले. केरबाला विचारलं, "मामा, झटका आला की हौसा शुद्धीत असायची का? बोलायची?"

"कुटलं बोलती, बाय. डोळं फिरायचं आन् गपकन् पडायची. मागनं कळायचंच न्हाई तिला काय झालं ते. आपनच इचारायची, मी हितं कशी म्हनून."

"मानसिंग, हात काढ," मी म्हणाले. "कुचला नाही हा."

कुचला पाठीच्या कण्यातली दारं बंद करतो. माणूस धनुष्यासारखा वाकतो, टाळी वाजली तरी ताठरतो, पण मेंदू जागा राहतो. त्याला सगळं कळत असतं, आणि तेच त्या मरणातलं भयंकर. आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर टिचकी मारली तरी बेडूक ताणला जायचा. हौसाची मात्र शुद्ध आधी जात होती. म्हणजे तिच्या मेंदूतली दारं बंद पडत होती. ते द्रव्य वेगळं, ती दारं वेगळी आणि त्यांना अडवणारं विषही वेगळं.

"फवारणीचं औषध?" अण्णांनी विचारलं.

पिकावरच्या फॉलिडॉलने मेलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मी केरबाला तोंडाच्या फेसाचं, घामाचं, उलट्यांचं विचारलं. त्यातलं काही नव्हतं. फॉलिडॉलही नाही.

मानसिंगने हात काढला होता, पण मूठ उघडली नव्हती. "मंग काय हुतं?" त्याने विचारलं.

४

शेजारच्या शालूबाईंनी आम्हाला स्वतःहून हाक मारली. दुष्काळातही या बाईचं तोंड ओलं होतं.

"मी काय कुनाचं वाईट बोलत न्हाई," त्यांनी सुरुवात केली. अण्णा हसले, कारण चौकीत येणारा प्रत्येक साक्षीदार याच वाक्याने सुरुवात करतो असं ते म्हणत.

"पर धोंडुबाय सुनंला येगळं वाढायची. समदी रातच्याला यकत्र जेवायची, मिलोची लाल भाकरी, रेशनवरच्या आमेरिकंच्या जोंधळ्याची. आन् फाटंला, मानसं उठायच्या आदी, सुनंला चुलीमागं बसवून गुपचूप खायला घालायची. म्या एकदा इस्तू मागायला गेले तर पदर आडवा धरला."

"कुणाला बोलला होता हे?"

"कुनाला बोलू? आमच्यात सासू सुनंच्या मागनं जेवती व्हय कवा? सून मागनं जेवती. म्हनून ध्यानात ऱ्हायलं. आन् त्यांच्या कोंबड्या. आंगनात गिरक्या घेऊन घेऊन मेल्या. देवरुषी म्हनला, करनी हाय."

"कोंबड्यांना काय घालायच्या?"

"दुष्काळात कोन काय घालतंय? जात्याभवतीचं झाडून टाकत्यात ते."

मी मागे वळून पाहिलं. मानसिंग तिथे उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"मावशीनं," तो म्हणाला. एवढंच. धोंडुबाईंना तो मावशी म्हणायचा. आता त्याच्याजवळ नाव होतं. अण्णांनी त्याचा दंड धरला. "कबूल केलंयस," ते म्हणाले. "मला अजून कळलेलं नाही."

५

अण्णांनी मानसिंगला केरबाबरोबर टँकरवर पाण्याला पाठवलं. दोघंही घागरी घेऊन गेले. मग अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले.

धोंडुबाई चुलीपाशी होत्या. बारीक चणीची बाई. आम्ही आल्यापासून त्यांचा शब्द ऐकला नव्हता. माझं लक्ष कोपऱ्यातल्या जात्याकडे गेलं. गावात गिरणी होती, रेशनचा मिलो तिथेच दळला जायचा. या जात्याच्या खाचेत मात्र पीठ होतं. मी बोटाने उकरून काढलं. ते पांढरंशुभ्र होतं.

"धोंडुबाई," अण्णा म्हणाले, "घरात लाल मिलो आहे. मग हे पांढरं कुठलं?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पदराने तोंड पुसलं.

"मी चोर हाय, दादा," त्या म्हणाल्या. "मालकास्नी सांगू नगा. तेंच्या बियाला हात लावला मी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. माजघरात पुरुषभर उंचीची कणगी होती. तिच्यात केरबाने शाळू जोंधळ्याचं बी राखून ठेवलं होतं. पाऊस पडला तर पेरायला, दुसरं काही शिल्लक नव्हतं. तोंड शेणाने लिंपून टाकलेलं. उपाशी मरावं पण बी खाऊ नये, असं मानणारा तो माणूस. त्या सगळ्या मुलखातच बी खाणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न उरणं.

"मिलो तिच्या पोटात ठरंना," धोंडुबाई म्हणाल्या. "वकायची. लाल भाकरी बघितली की डोळ्यात पानी. खडी फोडून यायची आन् तशीच निजायची. पैलं लेकरू. मला बगवंना. कनगीच्या बुडाला भोक असतंय, चिंधीचा बोळा घातलेलं. त्यातनं मूठमूठ काढायचे. वरनं लिंपान तसंच, मालकास्नी काय दिसायचं न्हाई. फाटंला दळायचे आन् तिला एकटीला भाकरी करून घालायचे. आमाला कुनालाच घेतली न्हाई, दादा. तिचीच."

अण्णांनी थोडं बी बघायला मागितलं. त्यांनी सुपात आणून ठेवलं. आणि मग अण्णांनी जे केलं ते आमच्या घरात कुणीही विचार न करता केलं असतं. आमच्याकडे धान्य दळण्याआधी निवडतात ते खडे काढायला आणि किड्यांचे जीव वाचवायला. आम्ही धान्याला एरंडेल चोळतो, ऊन देतो, पण मारायचं काही घालत नाही. जिवंत किडा सापडला की अलगद उचलून बाहेर सोडायचा. अण्णांचं बोट सुपात फिरू लागलं. फिरता फिरता मंदावलं.

"त्रिशला, बघ. वर्षाचं जुनं धान्य, आणि एक किडा चालत नाही. आहेत खूप, पण सगळे मेलेले."

त्यांनी बोट नाकाशी नेलं. दाण्यांवर करड्या पांढऱ्या भुकटीचं पुट होतं.

"राख हाय ती," धोंडुबाई म्हणाल्या. "बियाला राख लावत्यात. म्या पाखडून घ्यायचे."

मी वास घेतला. कुबट, दमट वास. मलेरियाची माणसं भिंतींवर फवारून गेली की घरात राहायचा तसला.

६

केरबा घागर उतरवत होता तेव्हाच अण्णांनी विचारलं, "बियाला काय लावलंय?"

"गमॅक्सिनची पावडर," तो म्हणाला. "कोंडीबानं खाली उसाच्या मळ्यातनं आनलेली. ऐन दुष्काळात किडं बी खाऊन जातील म्हनून सडळ हातानं लावली. का?"

"घरात सांगितलं होतं?"

"काय सांगायचं? बी कोन खातंय, साहेब?"

आणि मग त्याचं लक्ष सुपाकडे गेलं. सुपाशी बसलेल्या बायकोकडे गेलं. त्याने घागर खाली ठेवली, ती नीट बसली नाही, कलंडली. त्या दुष्काळात ते पाणी जमिनीत गेलं आणि कुणीही घागर सावरली नाही.

अण्णांनी मानसिंगला अंगणात नेलं. कबूल केल्याप्रमाणे त्याला नाव सांगायचं होतं. मीच बोलले. भुकटी दाण्यांतून झिरपत खाली बसते, आणि धोंडुबाई बुडातूनच काढत होत्या. म्हणून झटके वाढत गेले. घरात बाकीचे मिलो खात, म्हणून त्यांना काही नाही. माहेरी ती भाकरी नाही, म्हणून झटके नाहीत. कोंबड्या जात्याभोवतीचं पीठ खाऊन मेल्या. गमॅक्सिन मेंदूतलं नेमकं काय बिघडवतं, हे तेव्हा जगात कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. झटके येतात एवढं माहीत होतं. त्याच क्लोराईडच्या दारांत ते जाऊन बसतं हे पुढे दहाएक वर्षांनी कळलं. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, आणि त्या दिवशी वर्गावर गेले नाही.

मानसिंग ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "म्हंजे तिला येकटीला चांगलं म्हनून घातलं."

"हो."

"आन् मामानं सगळ्यांसाठी बी राखलं."

"हो."

तो अंगणातल्या दगडावर बसला. फौजेत त्याला पुष्कळ गोष्टी शिकवल्या असतील, पण इथे उपयोगी पडेल अशी एकही नव्हती. मग उठला आणि केरबाला म्हणाला, "मामा, टिकाव हाय?"

परड्यात लांब, विहिरीपासून दूर, दोघांनी मिळून खड्डा खणला. जमीन दगडासारखी झाली होती. एकाचा दम गेला की दुसरा टिकाव घ्यायचा. कणगी फोडून सगळं बी, ते वर्षाचं पेरणीचं बी, केरबाने स्वतःच्या हाताने खड्ड्यात ओतलं. अण्णांनी सांगितलं म्हणून मी जातंही घासून धुतलं. ते धुताना धोंडुबाई माझ्याकडे बघत होत्या. गमॅक्सिन म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. मानसिंगने आम्हाला तशी शपथ घातली होती. बी किडलं, निकामी झालं, एवढंच त्यांना सांगायचं ठरलं होतं.

पण त्या बाईने सारी हयात दाणा हाताळलेला.

"किडलंय म्हंता," त्या म्हणाल्या. "किडं तर मेल्यालं हुतं."

केरबा उंबऱ्यात होता, तो बाहेर निघून गेला. धोंडुबाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. सूर्य कलत होता. अण्णांनी त्या दिवशी जेवणाची वेळ टळू दिली, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते घेतलं नाही.

मग धोंडुबाईंनी मानसिंगला जवळ बोलावलं. तो येऊन त्यांच्यापुढे उकिडवा बसला. ज्या माणसाला मारायला तो आला होता, तो माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर होता.

"मानसिंगा, खरं सांग. त्या भाकरीला वास येत आसंल न्हवं? तिला कळत आसंल. आन् म्या चोरून घालते म्हनून, माझं मन मोडू नये म्हनून, ती गप खात आसंल."



"न्हाई मावशी," तो म्हणाला. "हौसाला वास येतच नव्हता. ल्हानपनी गोवर आल्ता, तवापासनं नाक गेल्यालं तिचं. आमच्यात समद्यास्नी ठावं हाय. चवीनं खाल्ली आसंल तिनं."

"खरं?"

"आईच्यान."

धोंडुबाईंनी मान हलवली. मग त्यांना रडू आलं, आणि मानसिंग तिथून उठला नाही.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. हौसा माझ्याबरोबर आमच्या मळ्यात खेळून वाढली. ओढ्याच्या पलीकडे केवडा उमलला की आमच्यात तो सगळ्यांत आधी तिला कळायचा.